गर्भारपणी इन्फ्लुएंझाची लस घ्यावी काय?

(फुलसावंगी येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



निवृत्त मास्तर बोलावयास उभा राहिला की तो शिक्षणावर बोलणार, फार तर लग्नातील वाढत्या खर्चावर कोरडे ओढणार, अशी आपली समजूत असणे साहजिक आहे. त्या दोन्ही विषयांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे, आणि लग्नातील खर्च काही कमी झालेला नाही. म्हणून आज मी निराळाच विषय घेतला आहे. पुरुषमंडळींपैकी काहींना तो बायकांचा विषय वाटेल. त्यांनी उठून जाऊ नये अशी माझी विनंती आहे. कारण माझे निम्मे भाषण त्यांच्यासाठीच आहे.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण झालेले नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी त्या वेळी सहा महिन्यांची गर्भार होती, माझ्याकडे येऊन म्हणाली, "गुरुजी, दवाखान्यात फ्लूची सुई घ्या म्हणतात. सासूबाई म्हणतात, पोटातल्या लेकराला बाधेल. मी कोणाचं ऐकू?" मी तिला डॉक्टरांचे ऐकण्यास सांगितले, पण नुसत्या अधिकाराच्या शब्दाने शंका मिटत नाही, हे चाळीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसास ठाऊक असते. म्हणून मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले, आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे मांडीत आहे.

प्रथम हा रोग कोणता ते नीट समजून घेऊ. आपल्याकडे नाक गळू लागले की लोक 'फ्लू झाला' असे म्हणून मोकळे होतात. साधे पडसे निराळे आणि इन्फ्लुएंझा निराळा. इन्फ्लुएंझात एकाएकी ताप चढतो, अंग मोडून येते, डोके ठणकते, खोकला बळावतो, आणि कित्येकांच्या बाबतीत तो फुप्फुसात उतरतो. आपल्या आज्या-पणज्यांनी या रोगास 'मानमोडी' असे नाव दिले होते. १९१८ सालची ती साथ जूनमध्ये मुंबई बंदरात उतरली आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तिने मध्यप्रांत-वऱ्हाडात कहर मांडला. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे त्या साथीत दगावली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या १९११ ते १९२१ या दशकात वाढण्याऐवजी किंचित घटली. विसाव्या शतकातील दुसऱ्या कोणत्याही दशकात असे झाले नाही.

माझी आजी त्या वेळी बारा-तेरा वर्षांची होती. ती सांगे की घरोघरी माणसे आडवी पडली होती. पाणी भरावयासही कोणी उरले नव्हते, आणि सरणाला लाकडे मिळत नव्हती. तिची थोरली बहीण पहिलटकरीण होती, आठवा महिना लागलेला. चौथ्या दिवशी ती गेली आणि तिच्याबरोबर मूलही गेले. आजी हे सांगताना नेहमी एक वाक्य बोले : "भरल्या पोटाच्या बाया आधी गेल्या." पुष्कळ वर्षे मला ते दुःखाचे बोलणे वाटत असे. पुढे वाचनात आले की ती अगदी खरे सांगत होती. हिंदुस्थानात त्या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यू अधिक झाले. अमेरिकेत त्याच साथीत आजारी पडलेल्या १३५० गर्भवतींची माहिती एका डॉक्टराने गोळा करून १९१९ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी शेकडा २७ स्त्रिया मरण पावल्या होत्या. १९५७ साली पुन्हा साथ आली, तेव्हा त्या देशातील मिनेसोटा राज्यात मूल होण्याच्या वयातील ज्या स्त्रिया या रोगाने दगावल्या, त्यांतील निम्म्या गर्भार होत्या.

असे का व्हावे? याचे कारण बाईच्या शरीरातच आहे. जसजसे दिवस भरत जातात तसतशी वाढती कूस वर सरकते आणि छातीच्या पडद्यास रेटते. फुप्फुसांना फुलावयास जागा उरत नाही. शिवाय त्या काळात हृदयास दीडपट काम करावे लागते. त्यातच शरीराची रोगाशी झुंजण्याची रीत बदललेली असते. पोटातील जीव अर्धा पित्याचा, म्हणजे एका अर्थी परका असतो, त्याला सांभाळून घेण्यासाठी शरीर आपला पवित्रा थोडा पालटते. अशा वेळी जो ताप एरवी चार दिवसांत उतरला असता तो न्यूमोनियावर जातो. आईचा ताप, आईच्या श्वासाची कोंडी यांचा परिणाम गर्भावर होतो : मूल अवेळी जन्मते, वजनाने कमी भरते, कधी पोटातच दगावते.

कोणी म्हणेल, गुरुजी, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. तसे नाही. २००९ साली या रोगाच्या एका नव्या जातीची जगभर साथ आली. आपण तिला 'स्वाइन फ्लू' या नावाने ओळखतो. भारतातील त्या साथीचा पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी आपल्याच राज्यात, पुण्यास गेला. ती साथ ओसरली, पण तो विषाणू गेला नाही. तो आता दरसालच्या इन्फ्लुएंझापैकी एक होऊन राहिला आहे. २०१५ साली सरकारी नोंदीप्रमाणे देशात २९९० माणसे त्याने मेली, त्यांपैकी ९०५ एकट्या महाराष्ट्रातील होती. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने गरोदर स्त्रियांना, तसेच मधुमेह व रक्तदाब असलेल्यांना ही लस सरकारी दवाखान्यांतून मोफत देण्यास आरंभ केला. देशात असे पाऊल टाकण्यात आपले राज्य पुढे होते. याचा अभिमान आपण बाळगतो की नाही ते ठाऊक नाही. पुष्कळांना ही गोष्टच माहीत नाही, हे मात्र मी पाहिले आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ही लस गर्भार बाईस व तिच्या मुलास निर्धोक आहे काय?

लस म्हणजे काय, हे आधी पाहावे. दंडात टोचावयाच्या लसीत जो विषाणू असतो तो मारलेला असतो, आणि बहुधा त्याचे तुकडे करून केवळ उपयोगी भाग ठेवलेला असतो. मेलेले बी कितीही चांगल्या काळ्या रानात पेरले तरी उगवत नाही. तसा हा मेलेला विषाणू शरीरात वाढू शकत नाही, म्हणून या लसीने इन्फ्लुएंझा होऊ शकत नाही. ती शरीरास शत्रूचा केवळ चेहरा दाखविते. येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. नाकात फवारण्याचीही एक लस असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तशी लस २०१० साली बाजारात आणली. तिच्यात विषाणू दुबळा केलेला, पण जिवंत असतो. ती गर्भार बाईस देत नाहीत. तेव्हा दंडातील लस घ्यावी, नाकातील घेऊ नये, एवढे घरातील शहाण्या माणसाने पाठ करून ठेवावे.

आपल्या घरांत गर्भारपणी सुई घेण्याची प्रथा नवी आहे काय? मुळीच नाही. धनुर्वाताची सुई आपल्या लेकी-सुना गेली कित्येक दशके घेत आल्या आहेत; आजच्या तरुण पिढीतील बहुतेकांच्या आयांनी ती घेतली होती. पूर्वी सुईण विळ्याने नाळ कापी आणि बाळ आठ-दहा दिवसांत आचके देऊन जाई. आपल्या लोकांना त्यात सटवाईचा हात दिसे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. यात स्वच्छ बाळंतपणाचा वाटा आहे तसाच त्या सुईचाही आहे. ज्या सासूबाईंनी स्वतः ती सुई घेऊन सुदृढ मुलगा वाढविला, त्यांनीच सुनेस दुसरी सुई घेऊ नको म्हणावे, यात प्रेम आहे हे मला मान्य; पण विसंगतीही आहे.

तरीही केवळ उपमेवर विसंबू नये, पुरावा पाहावा. नॉर्वे देशात २००९-१० च्या साथीत १ लाख १७ हजारांहून अधिक गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्या स्त्रियांत पोटात मूल दगावण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. उलट ज्यांना प्रत्यक्ष इन्फ्लुएंझा झाला त्यांच्यात ते जवळजवळ दुप्पट होते. ही एकच गोष्ट माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म आहे. आपण विचारतो, 'लस बाधेल काय?' आणि तेथेच थांबतो. तराजूच्या एकाच पारड्यात वजन घालून माल जोखणाऱ्या दुकानदारास आपण लबाड म्हणू. मग येथेच दुसरे पारडे रिकामे का ठेवावे? 'रोग बाधेल काय?' हाही प्रश्न त्याच वेळी विचारला पाहिजे.

मी विरुद्ध बाजूही लपवून ठेवीत नाही. २०१७ साली अमेरिकेतील एका अभ्यासात, ज्यांचा गर्भ पहिल्या काही महिन्यांत पडला अशा ४८५ स्त्रियांची तुलना तितक्याच इतर स्त्रियांशी करण्यात आली, आणि लागोपाठ दोन वर्षे लस घेतलेल्यांत गर्भपाताचा काही संबंध असावा असे दिसले. तेव्हा वर्तमानपत्रांतून गवगवा झाला. त्याच संशोधकांनी मग पुढील तीन वर्षांच्या हंगामांतील, सुमारे अडीचपट मोठ्या संख्येवर पुन्हा अभ्यास केला आणि २०१९ साली तो प्रसिद्ध केला. त्यात असा कोणताही संबंध आढळला नाही. शंका येताच ती दडपून न टाकता पुन्हा मोजणी केली गेली, यामुळे माझा विश्वास उलट वाढला. कळून आलेल्या दर शंभर गर्भारपणांपैकी दहा-पंधरा, काही केले वा न केले तरी, आरंभीच्या महिन्यांत पडून जातात. त्यांपैकी एखादीने आदल्या आठवड्यात सुई घेतली असेल तर गावभर बोलबाला होतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. पण म्हणून कावळ्याच्या भाराने फांदी मोडली असे ठरत नाही.

सुईनंतर दंड दुखतो, अंग किंचित कसकसते, क्वचित बारीक ताप येतो; एक-दोन दिवसांत उतरतो. १९७६ साली अमेरिकेत दिलेल्या त्या वेळच्या एका विशिष्ट लसीनंतर हातपाय लुळे पडण्याचा एक दुर्मिळ विकार लाखात सुमारे एकास अधिक झाला होता. तेव्हापासून या विकारावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले जाते. ज्या बाईस पूर्वी याच लसीने जबर बाधा झाली असेल, किंवा लसीनंतर दीड महिन्याच्या आत तो विकार झाला असेल, तिने डॉक्टरांना आधी सांगावे. अंगात जोराचा ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबावे.

आपल्यातील माळकरी कुटुंबांकडून मला एक प्रश्न हटकून येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ही लस कोंबडीच्या अंड्यात तयार करतात म्हणे, खरे काय? खरे आहे. विषाणू अंड्यात वाढवितात, मग तो मारून शुद्ध करतात. अंड्याचा अगदी लेशमात्र अंश उरू शकतो. मी हे झाकून सांगणार नाही. परंतु औषध आणि आहार यांत आपल्या वाडवडिलांनी नेहमी भेद मानला आहे. वैद्याने दिलेल्या मात्रेत काय काय असे, ते विचारीत बसले असते तर कित्येक घरे निर्वंश झाली असती. ज्याचा त्याने निर्णय करावा. मात्र तो निर्णय जिच्या जिवाचा प्रश्न आहे तिला विचारून करावा.

आता लाभाकडे पाहू. येथे मला सर्वांत अधिक नवल वाटले. सहा महिन्यांच्या आतील बाळास ही लस देताच येत नाही. म्हणजे ज्या वयात इन्फ्लुएंझा बाळास सर्वांत घातक, त्याच वयात त्याच्यापाशी ढाल नाही. परंतु आईने गर्भारपणी लस घेतली तर तिच्या रक्तात तयार झालेली संरक्षक द्रव्ये वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात, आणि बाळ जन्मते तेच चिलखत लेवून. ढाका येथे ३४० मातांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्या मातांना ही लस दिली त्यांच्या ६ बाळांना तपासणीने सिद्ध झालेला इन्फ्लुएंझा झाला. ज्यांना दुसरी लस दिली त्यांच्या १६ बाळांना झाला. दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथे दोन हजारांहून अधिक स्त्रियांत रोगाचे प्रमाण आई व बाळ दोघांतही सुमारे निम्म्याने घटले. नेपाळच्या तराईतील सर्लाही जिल्ह्यात, जेथील शेतकरी कुटुंबे आपल्यासारखीच भातभाकरीवर जगणारी आहेत, साडेतीन हजारांवर स्त्रियांत बाळांचा आजार शेकडा ३० ने कमी झाला आणि बाळांचे वजन सरासरीने ४२ ग्रॅमने अधिक भरले. ४२ ग्रॅम म्हणजे फार नव्हे, हे खरे. या आकड्यांवरून हेही दिसेल की लस म्हणजे अमृत नव्हे. ती घेऊनही काहींना रोग होतोच. पण शंभरांतील तीस-पन्नास घरांचे संकट टळत असेल तर ते कोणते घर, हे आधी कोणास ठाऊक असते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली या लसीच्या बाबतीत गरोदर स्त्रियांना सर्वांच्या आधी मान द्यावा असे सांगितले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचीही त्यांच्यासाठी शिफारस आहे. बाहेरच्या देशांत कोणत्याही महिन्यात ही लस देतात. आपल्या राज्याची योजना सुरू झाली ती चौथ्या महिन्यापासून पुढे देण्याची. आपल्याकडे या रोगाचा जोर पावसाळ्यात, आणि पुन्हा हिवाळ्याच्या उत्तरार्धात असतो. सुईचा गुण येण्यास दोन आठवडे लागतात. म्हणून मृग लागण्यापूर्वी ती घेतलेली बरी. विषाणू दरवर्षी रूप पालटतो, म्हणून मागील बाळंतपणाची लस या खेपेस चालत नाही. धनुर्वाताची सुई त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते. दवाखान्यात साठा नेहमी असतोच असे नाही. तेव्हा आशाताईंना आधी विचारून जावे, आणि नसेल तर मागणी नोंदवून यावे. मागणीच नसेल तर साठा येणार कोठून?

येथे एका कटू गोष्टीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. २०२१ च्या जानेवारीअखेर आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातील एका गावी, पोलिओच्या डोसाऐवजी १२ बालकांना हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बरी झाली. त्यानंतर कित्येक आयाबाया मला म्हणाल्या, आता कसा विश्वास ठेवावा? त्यांचा राग रास्त होता. परंतु दोष देणाऱ्या हाताचा होता. पोलिओच्या डोसाचा नव्हता. म्हणून मी सांगतो, दवाखान्यात गेल्यावर संकोच करू नये. कुपी पाहावयास मागावी, नाव व मुदत वाचावी, ती शीतपेटीतून काढली काय ते पाहावे, सुई नवी फोडली काय ते पाहावे. आपल्या मुली आज बारावीपर्यंत शिकतात, त्या कशासाठी? विचारणाऱ्या बाईवर खेकसणारा माणूस भेटला तर या संघाचे पदाधिकारी आहेत.

पुरुषमंडळींना मी थांबावयास सांगितले होते. आपल्या घरांत सुनेने दवाखान्यात कधी जावे, कोणती सुई घ्यावी, हे ती स्वतः क्वचितच ठरविते. ते सासू ठरविते, आणि सासूस बळ नवऱ्याच्या व मुलाच्या मौनाचे असते. सोयाबीनवर कोणती फवारणी करावी यासाठी आपण कृषिकेंद्रावर दोन-दोन तास घालवितो. सुनेबरोबर दवाखान्यापर्यंत जाऊन डॉक्टरांना चार प्रश्न विचारण्यास मात्र आपणास सवड नसते. गर्भार बाईस ताप आला, धाप लागली, तर 'दिवस भरत आल्याने होते' असे म्हणून काढ्यावर दिवस काढू नयेत. या रोगावर गोळ्या आहेत आणि त्या पहिल्या दोन दिवसांत सुरू झाल्या तरच त्यांचा पुरता उपयोग होतो. गाडी त्याच दिवशी जुंपावी. आता तर घरोघरी मोटारसायकली आहेत.

माझी संघाच्या कार्यकारी मंडळास एक सूचना आहे. आपण दरसाल गुणवंत विद्यार्थ्यांची यादी करतो. तशीच प्रत्येक गावच्या दोन जाणत्या स्त्रियांनी चैत्र-वैशाखात आपल्या समाजातील गर्भार लेकी-सुनांची यादी करावी, आणि मृगाआधी त्यांना मिळून दवाखान्यात न्यावे. एकटी बाई कचरते. पाच जणी मिळून गेल्या म्हणजे सासूबाईही पिशवी घेऊन बरोबर निघतात. या कामास वर्गणी लागत नाही, म्हणून खजिनदारांची हरकत येण्याचे कारण नाही.

आपल्या समाजातील एक डॉक्टरीणबाई आज येथे मुद्दाम आल्या आहेत. माझ्या बोलण्यात जे अपुरे राहिले असेल ते त्या पुरे करतील. जेवणाची पंगत बसण्यास अजून अर्धा तास आहे. माजघरात बसलेल्या बायकांनी पुढे यावे आणि मनातील शंका त्यांना मोकळेपणाने विचाराव्या. पुरुषांनी तेवढा वेळ वाढण्याची तयारी पाहावी.